'मेयर पीट' आणि साउथ बेंड: आठ वर्षांत त्या शहराचं नक्की काय झालं?

नदीपल्याड

पीट बुटिजेज हे नाव इथे बहुतेकांना २०२० च्या निवडणुकीमुळे माहीत असेल, किंवा बायडनच्या मंत्रिमंडळातला वाहतूक मंत्री म्हणून. मला या धाग्यात त्यावर बोलायचंच नाहीये. मला बोलायचंय ते २०१२ ते २०१९ या आठ वर्षांबद्दल, तेव्हा तो इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड नावाच्या लाखभर वस्तीच्या शहराचा महापौर होता आणि गावातले लोक त्याला नुसतं 'मेयर पीट' म्हणायचे. आम्ही लागूनच मिशावाकाला राहतो, डॉक्टर, वाणसामान, मुलांचे क्लास सगळं साउथ बेंडलाच, त्यामुळे हे शहर बदलताना (आणि काही ठिकाणी अजिबात न बदलताना) जवळून बघितलंय. देशपातळीवरच्या चर्चेत ही आठ वर्षं एका वाक्यात उरकतात याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. सेंट जोसेफ नदी जिथे दक्षिणेला येऊन वळते तिथे हे गाव वसलंय. स्टुडबेकर बंधूंनी १८५२ मध्ये इथे लोहारकामाचं दुकान काढलं, आधी घोडागाड्या केल्या, मग मोटारी, आणि शंभर वर्षं अख्खं गाव त्या एका कंपनीवर जगलं. डिसेंबर १९६३ मध्ये कंपनीने इथला कारखाना बंद केला आणि सात हजारांच्या आसपास लोकांची नोकरी गेली. १९६० ला एक लाख ३२ हजार लोकसंख्या होती, २०१० पर्यंत ती एक लाखाच्या जरा वर येऊन टेकली. जानेवारी २०११ मध्ये न्यूजवीकने मरणपंथाला लागलेल्या अमेरिकन शहरांची यादी छापली त्यात साउथ बेंड होतं. आणि त्याच वर्षी हा २९ वर्षांचा पोरगा महापौरपदाला उभा राहिला.

पोरगा गावचाच. वडील माल्टाहून आलेले, नोत्र दाम विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक, इटलीचा मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शी, त्याच्या तुरुंगातल्या वह्यांचं इंग्रजी भाषांतर त्यांनी केलं. आई पण तिथेच शिकवायची. हार्वर्ड, मग ऱ्होड्स स्कॉलरशिपवर ऑक्सफर्ड, मग मॅकिन्झी ही कंपन्यांना सल्ला देणारी बडी फर्म. अशी मुलं सहसा परत येत नाहीत, हा आला. २०१० मध्ये राज्याच्या खजिनदारपदाला उभा राहून सपाटून हरला, पुढच्याच वर्षी महापौरपदाची प्राथमिक फेरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) पाच जणांत जिंकली आणि नोव्हेंबरला ७४ टक्के मतं घेतली.

माझं मत आधीच सांगते म्हणजे वाद घालायला बरं. शहराचा मध्यभाग त्याने खरोखर उभा केला. पण पश्चिमेकडच्या वस्त्यांना, म्हणजे जिथे कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन कुटुंबं जास्त आहेत, त्यांना त्याची किंमत मोजावी लागली आणि त्यांच्या वाट्याला त्या मानाने कमी आलं. दोन्ही खरं आहे. मतं येऊ द्या.

आबा_मिरजकर

ताई, धागा आवडला. एक मूलभूत शंका. आमच्याकडे महापौर म्हणजे सभागृहाचं अध्यक्षपद, उद्घाटनं, अडीच वर्षांची मुदत, ती पण पक्षात वाटून घेतलेली. खरा कारभार आयुक्तांच्या हातात, १९४९ च्या अधिनियमातच तसं आहे. २०२२ नंतर तर कित्येक महापालिकांत महापौरच नव्हते, वर्षानुवर्षं प्रशासक बसले आणि सामान्य माणसाला फारसा फरक जाणवला नाही, यातच सगळं आलं. मग या साउथ बेंडच्या महापौराकडे एवढं काय होतं की शहर बदललं म्हणायचं?

नदीपल्याड

आबा, नमस्कार. इथे आयुक्त हा प्रकारच नाही. साउथ बेंडमध्ये महापौर थेट लोकांतून चार वर्षांसाठी निवडून येतो आणि तोच प्रशासनाचा प्रमुख. खातेप्रमुख तो नेमतो, पोलीस प्रमुख तो नेमतो, बजेट तो मांडतो. नऊ जणांची कॉमन कौन्सिल आहे, ती बजेट मंजूर करते, कापते, अडवते. म्हणजे कचरा उचलला नाही तर लोक महापौरालाच पकडतात, बोट दाखवायला दुसरा कोणी नाही.

पण हात बांधलेले पण आहेत. शाळा त्याच्याकडे नाहीत, त्यांचं वेगळं निवडून आलेलं मंडळ आहे. घरपट्टीवर राज्याने २०१० मध्ये घटनेतच मर्यादा घातली, राहत्या घरावर मूल्याच्या १ टक्का, भाड्याच्या घरावर २ आणि धंद्याच्या जागेवर ३, याच्या वर कर लावताच येत नाही. म्हणजे लोक निघून जातायत, घरांच्या किमती पडतायत, आणि कर वाढवून खड्डा भरायची सोयही नाही.

चाफा_टेकडीवरचा

साउथ बेंडला नोत्र दामला मास्टर्स केलंय, बुटिजेजच्या आधीचा शेवटचा काळ आणि सुरुवातीची वर्षं बघितलीत. बाहेरच्यांना एक कळत नाही की विद्यापीठ आणि शहर या दोन वेगळ्या दुनिया होत्या. विद्यापीठ शहराच्या हद्दीच्या अगदी बाहेर, तिथे फुटबॉलच्या शनिवारी स्टेडियम ओसंडून वाहतंय आणि दोन मैलांवर डाउनटाउनमध्ये संध्याकाळी सहानंतर कुत्रं नाही. आम्हाला सीनियर मुलं सांगायची पश्चिमेला भाड्याने घर घेऊ नका.

ते रस्ते आठवतायत ना? मेन स्ट्रीट आणि मिशिगन स्ट्रीट, दोन्ही वनवे, चार चार लेन, गाड्या हायवेवर असल्यासारख्या सुसाट. कारखाने होते तेव्हा शिफ्ट सुटल्यावर लोकांना लवकर बाहेर काढायला ते ठीक होतं, पण नंतर नुसतं डाउनटाउन वगळून निघून जायचा रस्ता झाला तो. फुटपाथवर उभं राहायची भीती वाटायची.

अनुस्वार

चाफा, मी नगररचनेतच काम करतो (अमेरिकेत नाही, पुण्यात) आणि साउथ बेंडचे 'स्मार्ट स्ट्रीट्स' आम्हाला उदाहरण म्हणून दाखवले जातात, म्हणून थोडं लिहितो. साधारण अडीच कोटी डॉलर खर्च झाला. वनवे काढून दुतर्फा वाहतूक केली, लेन कमी केल्या, फुटपाथ रुंद केले, झाडं लावली, सायकलला जागा दिली, चौकांमध्ये सिग्नलऐवजी गोल केले. म्हणजे मुद्दाम गाड्यांचा वेग कमी केला. आणि हे कुठे, तर ज्या गावाची ओळखच मोटारी बनवणं आहे त्या गावात! विरोध किती झाला असेल विचार करा.

यामागचं गणित सरळ आहे. दुकानदाराला गाडी समोरून ताशी ४५ मैलांनी गेलेली उपयोगाची नाही. तीच २५ ने गेली तर पाटी वाचली जाते, गाडी लावली जाते, माणूस उतरतो. पुण्यात आपण नेमकं उलट केलं, दुतर्फा रस्ते वनवे करत सुटलो, फुटपाथ कापले, आणि आता जंगली महाराज रस्त्यावर परत फुटपाथ रुंद केले तेव्हा कुठे लोक चालायला लागले. त्यामुळे या कामाबद्दल मला त्या माणसाचं मनापासून कौतुक आहे. राजकीयदृष्ट्या हे काम तोट्याचं असतं, खोदकाम तुमच्या काळात होतं आणि फळ नंतरच्याला मिळतं.

नदीपल्याड

विरोध प्रचंड झाला. स्थानिक वर्तमानपत्रात पत्रांवर पत्रं यायची की गोल चौकात कोणाला वळता येत नाही, अपघात होणार, महापौराचं डोकं फिरलंय. आता त्याच मेन स्ट्रीटवर बाहेर टेबलं टाकलेली असतात. आणि २०१५ मध्ये शहराला दीडशे वर्षं झाली तेव्हा नदीवर धबधब्यापाशी दिव्यांची कलाकृती बसवली, रात्री लोक मुलांना घेऊन बघायला येतात. याला मी कमी लेखत नाही. ज्या गावाला साठ वर्षं सगळे सांगत आलेत की तुमचं संपलं, त्या गावात लोकांनी संध्याकाळी बाहेर पडणं ही मोठी गोष्ट आहे.

आता घरांबद्दल लिहिते कारण खरा वाद तिथेच आहे.

लोक कमी झाले की घरं रिकामी पडतात. पण रिकामं घर नुसतं उभं राहत नाही. आधी कोणीतरी तांब्याचे पाइप काढून नेतं, मग थंडीत उरलेल्या नळांत पाणी गोठून फुटतं, मग छत गळतं, खिडक्यांना प्लायवूड ठोकलं जातं, दारावर पालिकेच्या नोटिशीवर नोटीस. शेजारच्याच्या घराची किंमत पडते, त्याला बँक दुरुस्तीला कर्ज देत नाही, तोही निघून जातो. मालक शोधायला जावं तर मालक सापडत नाही, कारण थकलेल्या करापोटी काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) लिलावात ते घर दुसऱ्या राज्यातल्या कोणीतरी न बघता घेतलेलं असतं.

२०१३ मध्ये बुटिजेजने जाहीर केलं: हजार दिवसांत हजार घरं. एकतर दुरुस्त नाहीतर जमीनदोस्त. मुदत नोव्हेंबर २०१५, आणि मुदतीच्या आधीच आकडा पार झाला. यातली बहुतेक पाडली गेली, दुरुस्त झाली ती त्याहून कमी.

लिंबोणी

आणि इथेच मला तो माणूस खटकतो. मी इंडियानापोलिसला घरांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेत आहे, साउथ बेंडच्या बायकांशी बोलणं झालंय. आकडा आधी ठरवला की अधिकारी आकड्यामागे धावतात. पालिकेचे निरीक्षक वस्तीत फिरायला लागले, गवत वाढलंय दंड, पोर्च मोडकळीला आलंय दंड, अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करा नाहीतर पाडतो. हे दूरच्या लिलाववाल्याला लागू होतं तसंच त्या म्हातारीला पण लागू झालं जिच्या आईने घर मागे ठेवलंय आणि जिच्याकडे छताला पैसे नाहीत. कृष्णवर्णीय कुटुंबांनी पै पै जोडून एकदोन पडकी घरं घेतली होती, सवडीने नीट करून मुलांना देऊ म्हणून, ती पण यात सापडली.

रेजिना विल्यम्स-प्रेस्टन यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं. शिक्षिका, नवरा आजारी पडला, दुरुस्ती लांबली, दंड चढत गेले, घरं हातची गेली. बाई गप्प बसल्या नाहीत, २०१५ मध्ये कौन्सिलला उभ्या राहून निवडून आल्या आणि पालिकेला तिथे बसून प्रश्न विचारले. त्यानंतर दुरुस्तीला अनुदान, दंडात सवलत, लोकांना आधी विचारणं हे सुरू झालं. म्हणजे कार्यक्रम सुधारला तो अशा लोकांमुळे, वरून नाही.

घर पाडल्यावर काय झालं हे पण बघा ना. मोकळे प्लॉट. गवत. त्यावर नवीन घर कोण बांधणार, बांधायचा खर्च विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त.

आबा_मिरजकर

लिंबोणीताई, तुमचं म्हणणं पटतं. आमच्याकडे २०१९ च्या पुरानंतर मोडक्या वाड्यांना धोकादायक इमारतीच्या नोटिसा लागल्या, त्यात भाडेकरू गरीब आणि मालक मुंबईला, नोटीस मात्र दारावर म्हणजे भाडेकरूलाच वाचायला. पण मग विचारतो, न पाडून काय केलं असतं? चाळीस वर्षं कोणी हातच लावला नव्हता.

लिंबोणी

आबा, पाडू नये असं म्हणत नाहीये. काही घरं पाडायलाच हवी होती, शेजारच्यांनीच मागणी केली होती, लहान मुलं त्या घरांसमोरून शाळेत जायची. मी म्हणतेय की आधी माणूस शोधा मग घर मोजा. राहतं घर कोणतं, वारसाहक्काचं कोणतं, सट्टेबाजाचं कोणतं, हे वेगळं केलं असतं तर तेवढ्याच पैशात कमी लोक दुखावले असते. पहिल्या दिवशी ते झालं नाही कारण कामाची पद्धत मॅकिन्झीची होती, तक्त्यात सगळी घरं सारखी दिसतात.

चाफा_टेकडीवरचा

हे जरा कडक आहे पण चूक नाही.

सायंतारा

मी वाचनमात्र असते पण इथे लिहावंसं वाटलं. माझ्यासाठी या माणसाच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट रस्ते पण नाहीत आणि घरं पण नाहीत. २०१५. त्या मार्चमध्ये राज्यपाल होते माइक पेन्स, त्यांनी धार्मिक स्वातंत्र्याच्या नावाने कायदा आणला आणि दुकानदाराने समलिंगी गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवलं तरी चालेल का यावर राज्यभर रान पेटलं. अशा वेळी, निवडणूक पाच महिन्यांवर असताना, इंडियानासारख्या राज्यात, कॅथलिक गावात, या महापौराने जून महिन्यात साउथ बेंड ट्रिब्यूनमध्ये लेख लिहून सांगितलं की मी गे आहे. आदल्या वर्षी सात महिने अफगाणिस्तानात नौदलाच्या राखीव दलातून जाऊन आला होता, काबूलमध्ये गाडी चालवायचा, वरिष्ठांना घेऊन ११९ वेळा तळाबाहेर गेला. परत आल्यावर त्याला वाटलं की आपण मेलो असतो तर प्रेमात पडणं म्हणजे काय हे न कळताच मेलो असतो.

नोव्हेंबरला ८० टक्क्यांवर मतं पडली. पहिल्या वेळेपेक्षा जास्त! २०१८ च्या जूनमध्ये गावातल्याच सेंट जेम्स कॅथीड्रलमध्ये लग्न केलं. माझा भाऊ त्या वेळी नागपूरला होता, घरी काही सांगू शकत नव्हता, आमच्याकडे ३७७ अजून रद्द व्हायचं होतं. मी त्याला तो लेख पाठवला होता. जास्त लिहीत नाही.

नदीपल्याड

सायंतारा, लिहिलंस ते बरं केलंस. आणि गावाने ते कसं घेतलं हेही सांगते. आमच्या ओळखीच्या एक वयस्कर बाई, रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या, एवढंच म्हणाल्या की रस्त्यावरचा बर्फ तो वेळेवर काढतो, बाकी त्याचं त्याला माहीत. महापौर रोज समोर दिसणारा माणूस असतो, म्हणून हे होऊ शकलं असं मला वाटतं.

गोदाकाठचा_राघव

सगळं चांगलं चाललंय पण पोलिसांबद्दल कोणीच बोलत नाहीये. तो भाग टाळून त्याच्या कारकिर्दीवर बोलता येणार नाही.

पदावर येऊन तीन महिने झाले नाहीत तर २०१२ च्या मार्चमध्ये शहराचे पहिले कृष्णवर्णीय पोलीस प्रमुख डॅरिल बॉयकिन्स यांना त्याने पदावरून खाली आणलं. प्रकरण असं की पोलीस ठाण्यातल्या काही फोनवरचं बोलणं रेकॉर्ड होत होतं, त्यात काही गोरे अधिकारी प्रमुखांबद्दल वर्णद्वेषी बोलले असा आरोप, आणि रेकॉर्डिंगच बेकायदा आहे का म्हणून एफबीआयची चौकशी सुरू. महापौराने चौकशीचं ऐकलं आणि प्रमुखांना हटवलं. कृष्णवर्णीय लोकांना दिसलं ते एवढंच की ज्याच्याबद्दल घाण बोललं गेलं त्याचीच खुर्ची गेली. नंतर दोन्ही बाजूंना पैसे देऊन तडजोडी झाल्या, पण टेपमध्ये काय आहे हे कोर्टकचेरीत वर्षानुवर्षं अडकून पडलं.

आणि मग १६ जून २०१९. तोपर्यंत तो अध्यक्षपदाच्या शर्यतीत, टीव्हीवर रोज. पहाटे एका गोऱ्या सार्जंटने ५४ वर्षांच्या कृष्णवर्णीय माणसाला गोळी घातली, अंगावरचा कॅमेरा सुरू नव्हता. प्रचार सोडून महापौर गावात आला, शाळेच्या सभागृहात सभा झाली आणि लोकांनी त्याला तोंडावर सुनावलं. काही दिवसांनी डिबेटमध्ये विचारलं गेलं की शहरात २६ टक्के कृष्णवर्णीय आणि पोलीस दलात फक्त ६, हे का सुधारलं नाही. तो म्हणाला, मला ते जमलं नाही.

अनुस्वार

निदान मान्य तरी केलं. आपल्याकडे कोण करतं?

गोदाकाठचा_राघव

मान्य केलं याचं मोल आहेच. पण आठ वर्षं पोलीस प्रमुख नेमायचा अधिकार त्याच्याच हातात होता, आबांना वर सांगितलंय तसं. रस्ते आठ वर्षांत झाले, मग हे का नाही? मला वाटतं कारण रस्त्याला कंत्राटदार मिळतो, विश्वासाला मिळत नाही, आणि मार्च २०१२ मध्ये गेलेला विश्वास परत मिळवायला त्याने वस्तीत जेवढं बसायला हवं होतं तेवढा तो बसला नाही.

नदीपल्याड

राघव, हे मी नाकारत नाही, धाग्यात मीही तेच सुचवलंय. बॉयकिन्स प्रकरण ही महापौर म्हणून आपली पहिली गंभीर चूक होती असं त्यानेच नंतर लिहिलंय.

फक्त पश्चिमेकडे काहीच झालं नाही असंही म्हणू नका. २०१६ मध्ये कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांसाठी ओळखपत्र सुरू झालं. राज्याच्या कायद्यामुळे शहराला थेट देता येईना, मग ते 'ला कासा दे अमिस्ताद' या संस्थेने द्यायचं आणि महापौराने आदेश काढायचा की शहराची सगळी खाती, वाचनालय, पोलीस हे कार्ड मानतील. ज्या बाईकडे ओळख दाखवायला काही नाही ती मुलाला पुस्तक आणायला वाचनालयात जाऊ शकते का, एवढा साधा प्रश्न होता. त्याच वर्षी ट्रंप निवडून आला हे लक्षात घ्या.

पूर पण आठवा. ऑगस्ट २०१६ चा पाऊस आणि मग फेब्रुवारी २०१८ मध्ये नदीने सगळे जुने विक्रम मोडले. त्या आठवड्यात हद्दीच्या अलीकडे पलीकडे असं काही राहिलंच नव्हतं, आम्ही सगळे वाळूच्या पिशव्या भरत होतो.

सायंतारा

नंतर त्याचं तिथे काय राहिलं? आता तर मिशिगनला गेला ना?

नदीपल्याड

हो, नवऱ्याच्या गावी, ट्रॅव्हर्स सिटीला, जुळी मुलं झाल्यावर. तिसऱ्यांदा उभं राहणार नाही हे त्याने डिसेंबर २०१८ मध्येच सांगितलं होतं. एप्रिल २०१९ मध्ये अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली ती स्टुडबेकरच्या जुन्या इमारतीत, त्या दिवशी पाऊस होता आणि छत गळत होतं. पक्षाचा उमेदवार निवडायला जिथून सुरुवात झाली त्या आयोवा राज्यात निसटता पुढे राहिला, आणि १ मार्च २०२० ला माघार घेतली तीही साउथ बेंडला येऊनच.

त्याच्या जागी आला जेम्स म्युलर, त्याचा शाळेपासूनचा मित्र आणि महापौर कार्यालयातला प्रमुख सहकारी. २०१९ च्या प्राथमिक फेरीत त्याच्यासमोर रेजिना विल्यम्स-प्रेस्टन पण होत्या. म्युलर जिंकला, २०२३ मध्ये परत जिंकला. म्हणजे मतदारांनी तीच वाट चालू ठेवली. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या एक लाख तीन हजारांवर गेली, थोडीशीच, पण आकडा वर सरकला.

लिंबोणी

आणि गरिबी अजूनही राज्याच्या सरासरीहून कितीतरी जास्त आहे, हेही त्यात जोडा.

नदीपल्याड

जोडलं. खरं आहे.

चाफा_टेकडीवरचा

पुढच्या महिन्यात शिकागोला येतोय, इतक्या वर्षांनी गाव बघायचा विचार आहे. एका दिवसात काय बघू?

नदीपल्याड

ये की! साउथ शोअर लाइनच्या ट्रेनने ये, ती विमानतळावर सोडते, मी न्यायला येते. स्टुडबेकर म्युझियम बघ, मग मेन स्ट्रीटवरून चाल, पूर्वी जिथे थांबायची भीती वाटायची तिथेच. पण जेवायला डाउनटाउनमध्ये नको, वेस्टर्न अॅव्हेन्यूला जाऊ, मेक्सिकन खाणावळी आहेत. आणि तिथून जवळच्या दोनतीन गल्ल्यांतून गाडी हळू नेऊ. एका घराला नवीन पोर्च आणि रंग, पुढचे तीन प्लॉट मोकळे, मग परत एक घर. लिंबोणीला पण विचार येतेस का, तुम्हा दोघांचं तिथे उभं राहून काय म्हणणं आहे ते मला ऐकायचंय.